ठेवीपासून उत्पादनापर्यंत : वित्तीय विकास आणि आर्थिक वाढ

विकसनशील देशाच्या प्रगतीचा विचार करताना जमीन, पाणी, वीज, रस्ते आणि शिक्षण या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु विहीर खोदायची तर पैसा लागतो, विजेचा पंप बसवायचा तर पैसा लागतो, आणि हा पैसा ज्याच्यापाशी असतो त्याच्यापाशी विहिरीची जागा असतेच असे नाही. एकाच्या गाठीला बचत आहे, दुसऱ्याच्या अंगी कष्ट करण्याची तयारी आणि कल्पकता आहे. या दोघांची गाठ घालून देणारी जी व्यवस्था, तिला आपण वित्तव्यवस्था म्हणतो. बँका, सहकारी पतसंस्था, विमा, पोस्टातील बचत, भागबाजार ही तिची निरनिराळी अंगे होत.

ही व्यवस्था जसजशी पसरते आणि सुधारते, तसतशी देशाची आर्थिक वाढ होते काय? की आर्थिक वाढ झाल्यामुळेच बँका पसरतात? हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या वर्गात चर्चिण्याचा नाही. आपल्या तालुक्यात बँकेची शाखा असूनही शेतकरी सावकाराच्या दारी का जातो, गावात ठेवी वाढत असताना उद्योग का वाढत नाहीत, थकबाकीत बुडालेल्या सोसायटीमुळे प्रामाणिक सभासदाचे कर्ज का अडते, या रोजच्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

वित्तव्यवस्थेचे कार्य

वित्तव्यवस्था चार प्रमुख कामे करते. विखुरलेली लहानलहान बचत ती एकत्र आणते. ती बचत कोणाच्या हाती दिल्यास अधिक फलद्रूप होईल, याची पारख ती करते. कर्ज दिल्यानंतर त्याचा विनियोग ठरल्याप्रमाणे होतो किंवा नाही, यावर ती लक्ष ठेवते. आणि एकाच माणसावर कोसळणारी जोखीम ती अनेकांत वाटून देते. यांपैकी पहिले काम सर्वांच्या नजरेस पडते. दुसरे आणि तिसरे काम मात्र बहुधा दुर्लक्षिले जाते. आणि वित्तीय विकास यशस्वी होतो की फसतो हे त्यांवरच ठरते.

एक साधा हिशेब घेऊ. चारशे कुटुंबांच्या एका गावात प्रत्येक घरी सरासरी ५,००० रुपये डब्यात किंवा उतरंडीत पडून आहेत असे मानू. म्हणजे गावात २० लाख रुपये निद्रिस्त आहेत. ही रक्कम बँकेत आली आणि बँकेने तिच्यापैकी १२ लाख रुपये त्याच गावात कर्जाने दिले, तर प्रत्येकी ८०,००० रुपयांप्रमाणे पंधरा कुटुंबांना एकेक दुभते जनावर घेता येईल. दुधाचे पैसे येतील, चाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल, संकलन केंद्र चालेल, कर्जाचे हप्ते फिटतील आणि तीच रक्कम पुन्हा दुसऱ्या पंधरा कुटुंबांच्या उपयोगी पडेल. गावातील एकूण पैसा पहिल्या दिवशी वाढला नव्हता. तो फक्त जागा झाला. वित्तीय विकासाचे मर्म इतकेच आहे. परंतु या साखळीतील एक जरी कडी निखळली, जनावर भाकड निघाले, दूध विकले गेले नाही अथवा हप्ते भरले गेले नाहीत, तर सारी साखळी तुटते. हेही मर्मच होय.

आधी काय : वाढ की वित्त?

या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद आहेत. ऑस्ट्रियात जन्मलेल्या योजेफ शुम्पेटर यांनी १९११ मध्ये असे प्रतिपादन केले की, नवा उद्योग उभारू पाहणाऱ्याला पत पुरविणारा बँकर हा आर्थिक विकासाचा एक प्रमुख प्रवर्तक असतो. याउलट ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९५२ मध्ये असे मत मांडले की, उद्योग पुढे चालतो आणि वित्त त्याच्या मागोमाग येते. १९६६ मध्ये ह्यू पॅट्रिक यांनी या दोन्ही मतांचा मेळ घातला. विकासाच्या आरंभीच्या काळात वित्तसंस्था मुद्दाम पुढाकार घेऊन स्थापन कराव्या लागतात. पुढे उद्योगधंदे वाढू लागले की त्यांच्या मागणीनुसार वित्तसंस्था आपोआप विस्तारतात, असे त्यांचे म्हणणे होते.

१९६९ मध्ये रेमंड गोल्डस्मिथ यांनी ३५ देशांच्या सुमारे शंभर वर्षांच्या आकडेवारीवरून, आर्थिक वाढ आणि वित्तीय विस्तार साधारणतः बरोबरीने चालतात असे दाखविले. १९९३ मध्ये रॉबर्ट किंग आणि रॉस लेव्हिन यांनी सुमारे ८० देशांच्या १९६० ते १९८९ या काळातील अनुभवावरून असे दाखविले की, ज्या देशांत आरंभी वित्तव्यवस्था अधिक विकसित होती, त्यांची पुढील वाढही सामान्यतः अधिक झाली. तथापि पुढील काळातील अभ्यासांनी याला एक मर्यादाही घातली. खाजगी क्षेत्राला दिलेले कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १०० टक्क्यांपलीकडे गेले, की वित्ताचा अधिक विस्तार वाढीला पोषक ठरण्याऐवजी मारक ठरू शकतो, असा निष्कर्ष जाँ-लुई आर्काँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. पाणी पिकाला हवेच. परंतु निचरा नसलेल्या शेतात तेच पाणी जमीन चोपण करते.

हे सिद्धान्त परदेशी आकड्यांवर उभे असले, तरी त्यांचा पडताळा घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गेल्या दीडशे वर्षांतील महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांपैकी बहुतेकांचे प्रत्यंतर सापडते.

कापसाची तेजी आणि दख्खनचे दंगे

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला. इंग्लंडमधील गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव कडाडले. मुंबईत सोन्याचा पूर आला. नवनव्या कंपन्या आणि बँका निघाल्या, त्यांच्या भागांवर सट्टा चालू लागला. इकडे दख्खनमधील सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्जे दिली. आजच्या भाषेत बोलायचे तर हा वेगवान वित्तीय विस्तारच होता.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. मुंबईतील कागदी इमले ढासळले. सट्ट्यासाठी कर्जे देऊन बसलेली बाँबे बँक १८६८ मध्ये बंद करावी लागली. खेड्यात याचा परिणाम अधिक सावकाशीने, पण अधिक खोलवर झाला. त्याच सुमारास तीस वर्षांच्या मुदतीचे जुने जमीनमहसूल करार संपून अनेक तालुक्यांत नवी, चढी आकारणी झाली होती. भाव पडलेले, सारा वाढलेला, आणि सावकाराने हात आखडता घेतलेला, अशा तिहेरी कात्रीत कुणबी सापडला. दिवाणी न्यायालयांत कर्जरोख्यांवरून हुकूमनामे होऊ लागले आणि जमिनी हातच्या जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. लोकांचा रोख प्रामुख्याने वह्या आणि कर्जरोखे यांवर होता. ते हस्तगत करावेत आणि जाळून टाकावेत, हा त्यांचा मुख्य हेतू होता.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कर्ज मिळत नव्हते म्हणून दंगे झाले, असे म्हणणे अपुरे ठरेल. तेजीच्या वर्षांत कर्ज मुबलक होते. परंतु त्या कर्जाने जिरायतीची बागायत झाली नव्हती, उत्पादनाची शक्ती वाढली नव्हती. कर्जाचा आधार केवळ कापसाचा चढा भाव होता. तो भाव गेला आणि कर्ज तेवढे मागे राहिले.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. न्यायालयांना कर्जाच्या मूळ व्यवहारापर्यंत जाऊन तपास करण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याला संरक्षण मिळाले खरे. परंतु सावकाराच्या जागी दुसरी पतव्यवस्था उभी राहिली नाही. तगाईचे कायदे १८८३ व १८८४ मध्ये झाले, पण तगाई ही मुख्यतः अडचणीच्या काळातील मदत होती. जाचक कर्ज कायद्याने आवरता येते. पोषक कर्ज मात्र कायद्याने निर्माण होत नाही, त्यासाठी संस्था उभाराव्या लागतात, हा त्या काळाचा धडा होय.

सहकाराचा मार्ग

अशी संस्था सहकाराच्या रूपाने आली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ही तिचीच वाढ होय. वैकुंठभाई मेहता यांनी आयुष्यातील दीर्घ काळ या बँकेच्या कारभारास वाहिला. गावची सोसायटी, जिल्ह्याची मध्यवर्ती बँक आणि राज्याची शिखर बँक अशी तीन पायऱ्यांची रचना हळूहळू आकारास आली.

तथापि स्वातंत्र्याच्या वेळी या रचनेचा पल्ला फारच तोकडा होता. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या समितीने १९५४ मध्ये जो अहवाल सादर केला, त्याने सर्वांचे डोळे उघडले. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्का होता. जवळजवळ ७० टक्के कर्ज सावकारांकडून येत होते. पन्नास वर्षांच्या सहकारी चळवळीनंतरची ही स्थिती होती.

समितीने केवळ अधिक कर्ज द्या, असे सांगितले नाही. कर्ज, मालाची विक्री आणि त्यावरील प्रक्रिया या तिन्हींची सांगड घाला, आणि शासनाने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे, अशी तिची शिफारस होती. या शिफारशीमागील तर्क सरळ आहे. कर्ज पिकासाठी दिले आणि पीक ज्या संस्थेकडे विकले तिच्यामार्फतच कर्जाची वसुली झाली, तर धनकोची जोखीम कमी होते आणि शेतकऱ्याला तारणाशिवाय पत मिळू शकते.

पश्चिम महाराष्ट्रात ही कल्पना प्रत्यक्षात उतरलेली दिसते. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि प्रा. गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढे असे कारखाने ठिकठिकाणी निघाले. ऊस उत्पादकाला सोसायटीतून पीककर्ज मिळे, ऊस कारखान्याला जाई आणि उसाच्या बिलातून कर्ज वळते होई. दूध संघांनीही हाच मार्ग स्वीकारला. कर्ज उत्पादनाशी, उत्पादन विक्रीशी आणि विक्री परतफेडीशी बांधली गेली. ज्या भागांत पाणी नव्हते, प्रक्रिया उद्योग नव्हता आणि कोरडवाहू पिकाला हमखास बाजार नव्हता, तेथे हीच सोसायटी आणि हीच बँक तितके फळ देऊ शकली नाही. विदर्भ आणि मराठवाड्यातील कापूस उत्पादकाच्या कर्जबाजारीपणाचे एक मोठे कारण या तुटलेल्या साखळीत आहे.

राष्ट्रीयीकरण आणि शाखाविस्तार

सहकाराला व्यापारी बँकांची जोड मिळाली ती पुढील टप्प्यात. १९६० च्या दशकाअखेर बँकांच्या कर्जात शेतीचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या व्यापारी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १५ एप्रिल १९८० रोजी त्यांत आणखी ६ बँकांची भर पडली. प्रा. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचविला आणि १९६९ च्या डिसेंबरात अग्रणी बँक योजना सुरू झाली. १९७५ मध्ये प्रादेशिक ग्रामीण बँका आल्या आणि १२ जुलै १९८२ रोजी राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजे नाबार्ड, स्थापन झाली.

राष्ट्रीयीकरणाच्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या आणि त्यांपैकी जेमतेम २२ टक्के ग्रामीण भागात होत्या. सरासरीने सुमारे ६५,००० लोकसंख्येमागे एक शाखा पडे. १९९० पर्यंत शाखांची संख्या ५९,००० च्या पुढे गेली. निम्म्याहून अधिक शाखा ग्रामीण होत्या आणि सुमारे १४,००० लोकसंख्येमागे एक शाखा असे प्रमाण आले. १९७७ ते १९९० या काळात तर असा नियम होता की, बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा उघडण्याचा परवाना हवा असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडल्या पाहिजेत.

याचा परिणाम काय झाला? देशांतर्गत बचत १९५०-५१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक दशांश होती. १९७० च्या दशकाअखेर ती एक पंचमांशाच्या घरात पोहोचली. ग्रामीण कर्जातील संस्थात्मक कर्जाचा वाटा १९८१ च्या पाहणीत ६० टक्क्यांच्या वर गेला. यामागे हरितक्रांती, वाढते उत्पन्न अशी इतर कारणेही होती. परंतु घराजवळ आलेल्या शाखेचा त्यात वाटा होता, हे नाकारता येत नाही. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या एकास चार नियमाच्या काळातील ग्रामीण शाखाविस्तारामुळे ग्रामीण दारिद्र्य कमी झाल्याचा आणि बिगरशेती उत्पादन वाढल्याचा निष्कर्ष काढला आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शॉन कोल यांनी १९८० च्या राष्ट्रीयीकरणाचा अभ्यास केला. राष्ट्रीयीकृत बँकांनी शेतीला अधिक कर्ज दिले, मात्र त्यामुळे शेतीच्या उत्पादनात सुधारणा झाल्याचे आढळले नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे दोन्ही अभ्यास वरवर विसंगत वाटतात. वस्तुतः ते एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगतात. जेथे बँकच नव्हती तेथे ती आल्याने नवी दारे उघडली. जेथे केवळ कर्जाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी रकमा वाटल्या गेल्या, तेथे आकडे वाढले, उत्पादन वाढले नाही. वित्ताची संख्या आणि वित्ताची गुणवत्ता या भिन्न गोष्टी होत.

परतफेडीचा प्रश्न

कर्ज फिरते राहिले तरच ते विकासाचे साधन ठरते. थकलेले कर्ज हे दुसऱ्या गरजूचे अडलेले कर्ज असते. १९९० आणि २००८ मध्ये देशपातळीवर, तसेच २०१७ आणि २०१९ मध्ये आपल्या राज्यात कर्जमाफीच्या योजना राबविल्या गेल्या. दुष्काळाने किंवा भाव पडल्याने जो खरोखर खचला आहे, त्याला आधार देणे हे कल्याणकारी राज्याचे कर्तव्यच आहे. तथापि २००८ च्या कर्जमाफीचा अभ्यास करणारे मार्टिन कान्झ यांना, लाभार्थी कुटुंबांची शेतीतील गुंतवणूक किंवा उत्पादकता त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. जुने देणे गेले, पण विहिरीला पाणी आले नाही आणि मालाला बाजार मिळाला नाही, तर पुढील कर्ज पुन्हा त्याच वाटेने जाते. नियमित फेड करणाऱ्या सभासदाच्या मनातही संभ्रम निर्माण होतो.

थकबाकीचा दोष केवळ लहान शेतकऱ्यावर टाकणे मात्र सर्वस्वी अन्यायाचे होईल. मार्च २०१८ अखेर देशातील अनुसूचित व्यापारी बँकांची अनुत्पादित कर्जे एकूण कर्जाच्या ११ टक्क्यांहून अधिक झाली होती. त्यांत पोलाद, वीज, रस्ते अशा क्षेत्रांतील बड्या कर्जदारांचा वाटा मोठा होता. बँकांचे पुनर्भांडवलीकरण, २०१६ चा दिवाळखोरी कायदा आणि कडक लेखापद्धती यांमुळे मार्च २०२४ अखेर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आले. आपल्या राज्यातील काही जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही कर्जवाटपातील गैरव्यवस्थेमुळे डबघाईस आल्या, आणि त्याची झळ ठेवीदार व पीककर्जाची वाट पाहणारे शेतकरी अशा दोघांनाही पोहोचली. पारख आणि देखरेख या वित्तव्यवस्थेच्या दोन अदृश्य कामांकडे दुर्लक्ष झाले, की हानी गावात होवो वा महानगरात, कारण एकच असते.

अतिघाईचाही असाच एक दाखला आहे. आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्त कंपन्यांनी एकाच कुटुंबाला अनेक कर्जे दिली, वसुलीसाठी तगादे लावले आणि अखेर २०१० मध्ये तेथील सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्याच काळात, नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेल्या बचत गट व बँक जोडणीच्या योजनेखाली, आधी बचत, मग अंतर्गत कर्ज आणि नंतर बँकेचे कर्ज या क्रमाने चाललेले महिलांचे गट लाखो कुटुंबांना आधार देत होते. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळाने या कामी पुढाकार घेतला. वेग आणि पाया यांतील फरक या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतो.

खाते उघडले, पुढे काय?

२८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली आणि २०२३ पर्यंत तिच्याखालील खात्यांची संख्या ५० कोटींवर गेली. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार भारतात खाते असलेल्या प्रौढांचे प्रमाण २०११ मध्ये ३५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ७८ टक्के झाले. मजुरी, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती आणि अनुदान थेट खात्यात जमा होऊ लागले. ही प्रगती लहान नव्हे. परंतु त्याच पाहणीत, भारतातील सुमारे एकतृतीयांश खात्यांत वर्षभरात कोणताही व्यवहार झाला नसल्याचेही आढळले. आणि २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण कर्जाचा सुमारे एकतृतीयांश भाग अद्याप संस्थांबाहेरचा, म्हणजे सावकार, व्यापारी, नातेवाईक यांच्याकडचा होता. खाते हे दार आहे; घरात प्रवेश व्हायचा अजून बाकी आहे.

सावकाराच्या दारी जाण्याची किंमत किती, हे एका उदाहरणाने पाहता येईल. दरमहा शेकडा तीन रुपये दराने ५०,००० रुपये वर्षभरासाठी घेतले, तर व्याज १८,००० रुपये होते. तीच रक्कम अल्पमुदतीचे पीककर्ज म्हणून बँकेकडून ७ टक्क्यांनी घेतल्यास व्याज ३,५०० रुपये होते. आणि मुदतीत परतफेड करणाऱ्यास केंद्राची ३ टक्के सवलत मिळाल्यास ते २,००० रुपयांवर येते. फरक १६,००० रुपयांचा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम मुलीचे शिक्षण चालू राहील की थांबेल, हे ठरवू शकते.

जिल्ह्याची नाडी

आपल्या भागातील वित्तव्यवस्था विकासाला हातभार लावते किंवा नाही, हे ओळखण्याचे एक सोपे साधन म्हणजे कर्ज-ठेव प्रमाण. शंभर रुपयांच्या ठेवींमागे त्याच भागात किती रुपये कर्ज दिले गेले, हे त्यावरून कळते. वर सांगितलेल्या गावात २० लाखांच्या ठेवींवर १२ लाख कर्ज दिले, म्हणजे प्रमाण ६० टक्के झाले. ग्रामीण व निमशहरी शाखांसाठी रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक क्षेत्रातील बँकांपुढे हेच उद्दिष्ट ठेवले आहे. हे प्रमाण २५ टक्के असेल, तर पंधराऐवजी सहाच कुटुंबांना कर्ज मिळेल आणि गावची उरलेली बहुतेक बचत अन्यत्र कामाला लागेल. कोकणात चाकरमान्यांच्या पैशांतून ठेवी वाढल्या, परंतु त्या मानाने स्थानिक कर्जे वाढली नाहीत, हे चित्र दीर्घकाळ दिसत आले आहे. याउलट, महाराष्ट्राचे एकूण प्रमाण मुंबईतील मोठ्या कर्जांमुळे उंच दिसते. त्या सरासरीखाली दूरच्या जिल्ह्यांची उणीव झाकली जाते. म्हणून राज्याची सरासरी पाहून समाधान मानणे योग्य नव्हे.

अर्थात प्रमाण कमी असल्यास बँकेलाच दोषी धरणेही बरोबर नाही. कर्ज घेऊन फेडता येईल असा व्यवसाय गावात असावा लागतो. रस्ता, वीज, पाणी, पशुवैद्यकीय सेवा, गोदाम यांवाचून कर्ज पांगळे ठरते. ज्या जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून खाली आहे, तेथे जिल्हा सल्लागार समितीने विशेष उपसमिती नेमून उपाय योजावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. अशा समितीत बँकेने कर्जाचा, तर शासकीय खात्यांनी सुविधांचा आराखडा एकमेकांसमोर मांडावा, हा त्यामागील हेतू होय.

आपण काय करू शकतो?

शासकीय अधिकाऱ्यांनी योजनेखाली वाटलेल्या कर्जाची रक्कम मोजून थांबू नये. त्या कर्जातून घेतलेली शेळी, शिलाई यंत्र किंवा पंप दोन वर्षांनी चालू स्थितीत आहे काय, याची नोंद ठेवावी. तालुका पातळीवरील बँकर्स समितीच्या बैठकीत या नोंदी मांडल्यास त्यांचा उपयोग बँकांनाही होईल.

ग्रामपंचायत सदस्यांनी वर्षातून एकदा ग्रामसभेत तीन आकडे मागवावेत : गावातून गेलेल्या ठेवी, गावात आलेली कर्जे आणि वेळेवर फेडलेले हप्ते. व्यक्तींची नावे विचारण्याचे कारण नाही. एकूण आकडे पुरेत. विकास सेवा सोसायटीच्या वार्षिक सभेला उपस्थित राहणे आणि लेखापरीक्षण अहवाल वाचून दाखविण्याचा आग्रह धरणे, हाही आपल्या अधिकाराचाच भाग आहे. ठेवी ठेवताना सावधगिरी बाळगावी, हे लोकांना समजावून सांगावे. बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे. सहकारी पतसंस्थांतील ठेवींना मात्र ते लागू नाही. जादा व्याजाच्या मोहाने आयुष्याची पुंजी गमावण्याचे प्रसंग यामुळे टळतील.

शिक्षकांचे काम सर्वांत मोलाचे आहे. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज आपण शाळेत शिकवतोच. ती उदाहरणे ‘अ’ ने ‘ब’ ला दिलेल्या रकमेची न ठेवता, गावातील पीककर्ज, शेकडा तीनचे व्याज आणि बचत गटाची वर्गणी यांची ठेवावीत. आपल्या आईने अंगठा उमटविलेल्या कागदावर काय लिहिले आहे, हे वाचून सांगू शकणारा विद्यार्थी हा कोणत्याही कायद्याइतकाच प्रभावी संरक्षक ठरेल.

समारोप

१८७५ मध्ये लोकांनी वह्या जाळल्या, कारण त्या वह्यांत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते आणि त्यांतील कर्जाने त्यांच्या शेतात काही पिकवले नव्हते. १९५० नंतर त्याच प्रदेशातील शेतकऱ्यांनी भाग विकत घेऊन कारखाना उभारला, कारण पैसा, पीक आणि बाजार यांची सांगड त्यांच्या स्वतःच्या संस्थेने घातली होती. प्रदेश तोच, फरक वित्ताच्या रचनेचा आणि त्यावरील लोकांच्या देखरेखीचा होता.

वित्तीय विकास आर्थिक वाढीचे इंजिन आहे की डबा, हा वाद विद्वानांनी चालवावा. आपल्यापुरते उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. शाखा, खाती आणि ठेवी ही विकासाची पूर्वतयारी आहे. एकाची बचत दुसऱ्याच्या हाती उत्पादनाचे साधन होते आणि फेडीच्या रूपाने तिसऱ्यासाठी परत येते, तेव्हाच ती वाढ ठरते. ही साखळी आपल्या गावात कोठे जोडलेली आहे आणि कोठे तुटलेली आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारण्यापासून आरंभ करता येईल.